बेंचमार्कचं टूल, एजंट आणि कुणीच न वाचलेलं रिडमी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टीमने एक टूल बनवलंय. उद्योग, चॅनल (ईमेल, जाहिरात वगैरे) आणि मेट्रिक (मोजायचा आकडा, जसा क्लिकचा दर) दिलं की ते मार्केटिंगचा बेंचमार्क शोधून देतं, म्हणजे त्या धंद्यात इतरांचा आकडा साधारण किती असतो ते. हे टूल माणसं थेट वापरणार नाहीत, एआय एजंट, म्हणजे स्वतःहून टूल्स चालवून उत्तर देणारा एआय, वापरणार. डॉक्युमेंटेशन तुमच्या गळ्यात पडलं, तुम्ही मन लावून बारा पानी रिडमी (कोडसोबत ठेवायचं माहितीपत्रक) लिहिलंत. तरीही एजंट कधी नको तिथे टूल चालवतो, तर कधी हवं तिथे न चालवता मनाचाच आकडा ठोकून देतो. शुक्रवारी रिलीज आहे आणि तुम्ही विचारताय, "रिडमीत अजून काय घालू?"

काहीच घालू नका. रिडमी पुरे झालं. एजंट ते वाचतच नाही.

मी चौदा वर्षं टेक्निकल रायटिंग करते, त्यातली अलीकडची दोन अशाच टूल्सवर गेली. सुरुवातीला मीही हेच केलं होतं: चुकला एजंट की वाढव रिडमी. माणूस डॉक्युमेंटेशन कसं वाचतो ते आपल्याला ठाऊक असतं. एकदा चाळतो, अर्धं विसरतो, अडलं की शेजारच्या टेबलावर विचारतो. आपल्या लिहिण्यात राहिलेल्या फटी तो स्वतःच्या अनुभवाने बुजवतो. मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, शेजारचं टेबल नाही. त्याच्यापुढे जेवढा मजकूर येतो तेवढाच, आणि दर नव्या संभाषणात तो कोऱ्या पाटीवरून वाचायचा.

तुमच्या वर्णनावरून तुम्ही एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंट आणि टूल यांना जोडायची ठरलेली पद्धत) वापरताय असं दिसतं. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने तो नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. त्यात एजंटने टूल्सची यादी मागितली की प्रत्येक टूलबद्दल मुख्यतः तीन गोष्टी जातात: नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा). तुमचं रिडमी गिटहबवर, कोडच्या साठ्यात, बसून राहतं. म्हणजे एजंटसाठी लिहायला तुमच्याकडे खऱ्या अर्थाने तीनच जागा आहेत: टूलचं वर्णन, पॅरामीटर्सचा (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांचा) स्कीमा, आणि टूल परत देतं ते उत्तर. तिसरी जागा डॉक्युमेंटेशनची आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. तिथलं काम डेव्हलपरचं, असं समजून आपण हात झटकतो. बेंचमार्कच्या टूलमध्ये मात्र निम्म्याहून जास्त लिखाण तिथेच करावं लागतं, असं माझं मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

पण हे सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. तुमच्याकडे एकच अंतर्गत एजंट असेल, आकडे तुमच्याच ग्राहकांच्या मोहिमांमधून आलेले असतील आणि उत्तर वाचणारी माणसं मार्केटिंगमधलीच असतील, तर यातलं बरंच सोडून दिलं तरी चालेल. त्या लोकांना कुठला आकडा कुठून आला ते माहीत असतं. एजंटकडे तुमच्या टूलखेरीज अजून वीस टूल्स असतील, किंवा उत्तर थेट दुकानदाराच्या हातात जात असेल, तर गोष्ट वेगळी. मॉडेल कुठलं आहे यावरही फरक पडतो. एकाला इशारा पुरतो, दुसऱ्याला तीच गोष्ट स्पष्ट सांगावी लागते.

आता वर्णन. आमच्या टूलचं पहिलं वर्णन एका ओळीचं होतं: "उद्योगनिहाय मार्केटिंग बेंचमार्क देते." (मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत सांगते.) वाक्यात चूक काही नाही, पण उपयोगही नाही. "मागच्या आठवड्यात आपला सीटीआर किती होता?" असं कुणी विचारलं की एजंट हे टूल चालवायचा, कारण सीटीआर (जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं ते) हा शब्द मार्केटिंगचा. आणि "दोन टक्के म्हणजे बरंय ना?" असं विचारलं की चालवायचा नाही, कारण त्यात बेंचमार्क हा शब्द नव्हता. खरं तर दुसरा प्रश्न नेमका या टूलसाठीच होता.

मग मी सपोर्टच्या मुलीकडून जुनी चॅट्स मागून घेतली आणि दोन दिवस फक्त वाचत बसले. बेंचमार्क हा शब्द ग्राहकांपैकी जवळपास कुणीच वापरत नव्हतं. ते विचारायचे, "हे ठीक आहे का", "बाकीच्यांचं किती येतं", "आपणच मार खातोय की सगळेच?" हे शब्द जसेच्या तसे वर्णनात गेले. शेवटी ते साधारण असं झालं:

"एखाद्या उद्योगात, देशात आणि चॅनलवर एखादं मेट्रिक इतर जाहिरातदारांचं किती असतं ते सांगतं. 'हे ठीक आहे का', 'इतरांचं किती येतं', 'आपण मागे आहोत का' अशा अर्थाच्या प्रश्नांना वापरा, बेंचमार्क हा शब्द आला नसला तरी. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्याचे आकडे इथे नाहीत, त्यासाठी खात्याच्या अहवालाचं टूल वापरा. पुढचा अंदाज बांधायला किंवा टार्गेट ठरवायला हे टूल वापरू नका; तसा प्रश्न आला तर बेंचमार्क म्हणजे अंदाज नव्हे असं सांगा. देश माहीत नसेल तर आधी विचारा. नोंद सापडली नाही तर सापडली नाही असंच सांगा, आठवणीतला आकडा देऊ नका."

शेवटच्या वाक्याने आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला. मॉडेलने प्रशिक्षणाच्या वेळी इंटरनेटवरचे बेंचमार्कचे असंख्य लेख वाचलेले असतात. टूलने हात वर केले की त्याच्या जिभेवर एक आकडा तयारच असतो. तो कुठल्या वर्षाचा, कुठल्या देशाचा, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हणून नुसतं "अंदाज करू नका" म्हणून भागत नाही. त्याऐवजी काय करायचं तेही सांगावं लागतं.

एक सावधगिरी. हे वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलच्या डोळ्यांपुढे राहतं, त्याचे टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते) मोजले जातात, आणि शेजारच्या टूल्सच्या वर्णनांशी त्याची गर्दी होते. म्हणून मी आठ-दहा ओळींच्या पुढे जात नाही. मेट्रिक्सच्या व्याख्या, उद्योगांची यादी, स्रोतांची माहिती यातलं काही तिथे कोंबायचं नाही.

पॅरामीटर्सकडे वळूया. इथे नियम एकच: जिथे ठरावीक पर्याय आहेत तिथे मोकळा मजकूर घेऊ नका, एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, द्या. उद्योगाचं नाव मोकळं ठेवलंत तर एजंट कधी "फॅशन" पाठवेल, कधी "अपॅरल", कधी "रिटेल-कपडे", आणि तुमचा शोध यातलं जे जुळेल ते उचलेल. मेट्रिकचंही तसंच. उद्योगांची यादी फार लांब असेल तर ती देणारं छोटं वेगळं टूल करा आणि आधी ते चालवायला सांगा. आणि प्रत्येक पर्यायापुढे एक ओळ लिहा, विशेषतः ज्या दोन पर्यायांत गल्लत होते तिथे. "होम टेक्स्टाइल: चादरी, टॉवेल, पडदे. कपडे यात नाहीत." एवढं पुरतं.

कालावधी "क्यू1" (पहिली तिमाही) असा घेऊ नका. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होतं, त्यामुळे अकाउंट्सच्या माणसाचा क्यू1 म्हणजे एप्रिल ते जून. परदेशी अहवालाचा क्यू1 बहुतेक वेळा जानेवारी ते मार्च. एजंट यातला कुठला धरेल ते त्या दिवशीच्या त्याच्या लहरीवर. सरळ सुरुवातीची आणि शेवटची तारीख घ्या. महिन्यांच्या तुलनेतही भारतात एक खोच आहे. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये ते ऑक्टोबरमध्ये आलं. दोन ऑक्टोबर शेजारी ठेवले तर एकात दिवाळीची खरेदी, दुसऱ्यात नाही. हे स्कीमात सोडवता येत नाही, पण उत्तरातल्या इशाऱ्यात लिहिता येतं.

देशाचा किस्सा जरा सविस्तर सांगते, कारण मी यातूनच शिकले. सोलापुरी चादरी ऑनलाइन विकणारे एक गृहस्थ आमच्या एका ग्राहक-एजन्सीमार्फत आमचा एजंट वापरायचे. त्यांनी विचारलं, आपला एका क्लिकचा खर्च (सीपीसी) बरोबर आहे का? त्या वेळी टूलमध्ये देश हा पॅरामीटर ऐच्छिक होता आणि काही दिलं नाही तर गुपचूप अमेरिका धरला जायचा. अमेरिकेचा आकडा डॉलरमध्ये आला, एजंटने स्वतःहून त्या दिवशीच्या दराने तो रुपयांत केला आणि त्यांना कळवलं की तुमचा खर्च उद्योगाच्या मानाने फारच कमी आहे, कामगिरी उत्तम. गृहस्थ खूश होऊन बजेट वाढवायला निघाले. पण माणूस व्यापारी. त्यांनी एजन्सीला फोन केला आणि विचारलं, "मॅडम, आपण इतके भारी आहोत तर धंदा का होत नाही?"

चूक कुठे झाली पाहा. क्लिकची किंमत लिलावात ठरते, आणि त्या लिलावात त्या देशातल्या ग्राहकांसाठी जाहिरातदार एकमेकांशी भिडलेले असतात. डॉलरचा दर लावला म्हणून न्यूयॉर्कचा लिलाव सोलापुरात येत नाही. या हिशेबाने भारतातली जवळपास प्रत्येक जाहिरात स्वस्त दिसणार. आम्ही तीन गोष्टी केल्या. देश सक्तीचा केला. त्या पॅरामीटरच्या वर्णनात "ग्राहक ज्या देशात आहेत तो देश, विक्रेत्याचा नव्हे" असं लिहिलं. आणि रकमेच्या प्रत्येक उत्तरात चलन देऊन पुढे जोडलं, "दुसऱ्या चलनात बदलून तुलना करू नका." पुढे त्याच गृहस्थांना एजंटने विचारलं, तुमचे ग्राहक कुठल्या देशात? तर ते म्हणाले, अर्धं गिऱ्हाईक दुबई-शारजाचं. ती नोंद आमच्याकडे नव्हतीच, आणि पहिल्यांदाच टूलने तसं सरळ सांगितलं.

आता या कामाचा खरा गाभा. शाळेत अपूर्णांक शिकवताना अंश आणि छेद शिकवतात. मार्केटिंगची बहुतेक मेट्रिक्स म्हणजे अपूर्णांकच, आणि त्यांची सगळी भांडणं छेदावरून होतात. ईमेलचा क्लिक रेट घ्या. छेदात पोहोचलेले ईमेल असतील तर एक उत्तर, उघडलेले ईमेल असतील तर ते वेगळंच मेट्रिक, क्लिक-टू-ओपन, आणि त्याचा आकडा साहजिकच बराच मोठा. वापरणारा दोन्हींना "क्लिक रेट"च म्हणतो. मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्राम) जाहिरातींत सीटीआर दोन प्रकारचा: सगळ्या क्लिकचा आणि फक्त लिंकवरच्या क्लिकचा. पहिल्यात लाइक, कमेंट, "आणखी पाहा"वरचं बोट हे सगळं धरतात. पहिला आकडा स्वतःचा आणि दुसरा बेंचमार्कचा घेऊन तुलना केलीत तर प्रत्येक ग्राहक हुशार ठरतो.

काही मेट्रिक्सची तर व्याख्याच मधल्या काळात बदलली. बाउन्स रेट, म्हणजे वेबसाइटवर येऊन तसंच निघून जाणाऱ्या भेटींचं प्रमाण, पाहा. गुगलच्या वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या जुन्या युनिव्हर्सल अॅनालिटिक्समध्ये एखाद्याने तुमचा लेख उघडला, तीन मिनिटं मन लावून वाचला आणि दुसरं पान न उघडता निघून गेला तर तो बाउन्स. त्याच्या जागी आलेल्या जीए4 मध्ये सेशन (एक भेट) दहा सेकंदांपेक्षा जास्त चाललं, किंवा 'की इव्हेंट' (तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती) घडला, किंवा दोन पानं पाहिली गेली तर ते एंगेज्ड, आणि जे एंगेज्ड नाही तोच बाउन्स. म्हणजे तोच वाचक, तेच तीन मिनिटांचं वाचन, आणि निकाल उलटा. युनिव्हर्सल अॅनालिटिक्सने साध्या (मोफत) खात्यांसाठी 1 जुलै 2023 पासून नवा डेटा घेणं बंद केलं. त्याआधीचा बाउन्स रेटचा बेंचमार्क तुमच्या टूलमध्ये असेल तर आजच्या आकड्याशी त्याची तुलना करणं चूकच. तो काढून टाका, नाहीतर वेगळं नाव देऊन वेगळं मेट्रिक करा. मी वेगळं मेट्रिक करते, कारण काढून टाकलं की कुणीतरी सहा महिन्यांनी ते "हरवलेलं" म्हणून परत आणतं.

ईमेलच्या ओपन रेटचंही असंच झालं. सप्टेंबर 2021 मध्ये अॅपलने आयओएस 15 बरोबर मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. त्यात माणसाने ईमेल उघडला नसला तरी आतली चित्रं अॅपलचा सर्व्हर आधीच लोड करून ठेवतो, आणि चित्र लोड झालं म्हणजे ईमेल उघडला असं धरत असल्याने पाठवणाऱ्याला ते उघडल्यासारखं दिसतं. त्यानंतरचे ओपन रेट फुगलेले असतात, किती ते यादीत अॅपल मेलवाले किती यावर. म्हणून आमच्या टूलमध्ये ओपन रेट मागितला की उत्तरात एक वाक्य कायम येतं: "हा आकडा अॅपलच्या प्रायव्हसी सुविधेमुळे फुगलेला असू शकतो, शक्य असेल तर क्लिक रेट पाहा."

कन्व्हर्जन रेटला, म्हणजे आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली त्या प्रमाणाला, आपल्याकडे अजून एक शेपूट आहे. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर नोंदली म्हणजे कन्व्हर्जन झालं, की पार्सल दारात स्वीकारलं तेव्हा? परत आलेली पार्सलं, ज्याला सगळे आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, वजा केली की चित्र पालटतं. परदेशी अहवालांत हा प्रश्न फारसा येत नाही, म्हणून त्यांच्या व्याख्येत त्याचं उत्तरही नसतं. तुम्ही लिहा.

हे सगळं रिडमीत लिहिलंत तर ते रिडमीतच राहणार. आकडा टूलमधून निघतो, एजंटच्या वाक्यात जातो, तिथून स्लाइडवर, स्लाइडवरून मालकाच्या डोक्यात. या प्रवासात डॉक्युमेंटेशनचं पान कुणी उघडत नाही. म्हणून व्याख्या आकड्याच्या गळ्यातच बांधून पाठवायची. आमचं एक उत्तर असं दिसतं (आकडे मुद्दाम गाळलेत):

मेट्रिक: ईमेल क्लिक रेट
अंश: किमान एकदा क्लिक केलेले वाचक
छेद: पोहोचलेले ईमेल, पाठवलेले नव्हेत
एकक: टक्के, 0 ते 100
मध्यक, आणि मधल्या निम्म्या खात्यांची वरची-खालची मर्यादा
देश, उद्योग
कालावधी: 2024-04-01 ते 2025-03-31
नमुना: किती खात्यांवरून
स्रोत: आकडे कुणी आणि कुणाचे गोळा केले
सांगताना: "देश आणि कालावधी आकड्यासोबतच सांगा."

शेवटची ओळ मी बरेच दिवस लांबलचक लिहायचे, चार-चार वाक्यांची. मॉडेल सारांश करताना ती सगळीच गाळायचं. एक छोटं वाक्य ठेवल्यावर ते टिकायला लागलं. एका उत्तरात एकच इशारा, तोही सगळ्यात धोक्याचा, असा नियम मी तेव्हापासून पाळते.

एककाची ओळ किरकोळ वाटेल. आमच्या टूलने एकदा 0.02 परत दिलं, अर्थ दोन टक्के, आणि एजंटने ग्राहकाला 0.02 टक्के सांगितलं. शंभर पटींची चूक, आणि वाक्य इतकं आत्मविश्वासाचं की कुणाला शंकाही आली नाही. आता फील्डच्या नावातच टक्के हा शब्द आहे. रकमांमध्ये लाख-कोटीचं संक्षिप्त रूपही पाठवू नका, पूर्ण संख्या पाठवा. वाक्यात लाख-कोटी करणं मॉडेलला जमतं.

सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, का? समजा दहा दुकानं आहेत. नऊ जणांचा कन्व्हर्जन रेट 1 टक्का, एकाचा 11. सरासरी आली 2 टक्के. आता एजंट त्या नऊ जणांना वेगवेगळं सांगणार की तुम्ही सरासरीच्या निम्म्यावर आहात. नऊ दुकानदार आपापल्या एजन्सीवर चिडणार, आणि खरं तर ते सगळे अगदी मधोमध उभे आहेत. स्रोताकडून फक्त सरासरीच मिळत असेल तर ती द्या, पण फील्डचं नाव "सरासरी" असू द्या, "टिपिकल" नको.

स्रोताबद्दल एक गोष्ट मात्र माणसांसाठीच्या पानावरही हवी. मोठमोठे बेंचमार्क अहवाल बहुधा एखादी कंपनी आपल्याच ग्राहकांच्या आकड्यांवरून काढते. मेलचिंप या ईमेल-सेवेचे उद्योगनिहाय ईमेलचे आकडे मेलचिंप वापरणाऱ्यांचे असतात. त्यात गैर काही नाही, पण तो "उद्योग" नव्हे, त्या उद्योगातले त्या कंपनीचे ग्राहक. हे आकडे तुमच्या टूलमधून पुढे वाटायला परवानगी आहे का, तेही एकदा तपासा. हा प्रश्न लेखकानेच विचारायचा असतो, कारण बाकी कुणी विचारत नाही.

नियम आणि बेंचमार्क यांचीही गल्लत होते. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5,000 किंवा जास्त ईमेल पाठवणाऱ्यांसाठी गुगलने फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केले. स्पॅम तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका, हा त्यातला एक. आमच्या एका डेटा एंट्रीत हा आकडा बेंचमार्क म्हणून भरला गेला होता. मग एजंट ग्राहकाला सांगायचा, तुमचं 0.25 आहे, म्हणजे इतरांपेक्षा बरं. कड्याच्या टोकाशी उभ्या माणसाला "जागा छान आहे" म्हणण्यातला हा प्रकार. नोंदीत प्रकार लिहा: बेंचमार्क की मर्यादा.

नोंद न सापडण्याबद्दल. त्रुटीचा संदेश हेही डॉक्युमेंटेशनच, आणि एजंट ते नक्की वाचतो, कारण ते नेमकं त्याच क्षणी त्याच्यापुढे येतं. एमसीपीमध्ये टूल चालताना आलेली अडचण उत्तरातच चूक अशी खूण करून पाठवता येते, म्हणजे मॉडेलला ती दिसते आणि ते सुधारून पुन्हा प्रयत्न करू शकतं. "एरर 404" पाठवलंत तर ते काय सुधारणार? त्याऐवजी: "होम टेक्स्टाइल, संयुक्त अरब अमिराती यासाठी सीपीसीची नोंद नाही. याच उद्योगासाठी भारताची नोंद आहे, पण ती हवी का ते आधी वापरणाऱ्याला विचारा." जवळची नोंद गुपचूप उचलून देणं हा या टूलमधला सगळ्यात मोठा गुन्हा, कारण चूक झाल्याचं कधी कळतच नाही. जाता जाता: बाहेरच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उत्तरात ओतू नका. त्यात कुणी एजंटला उद्देशून सूचना पेरलेली असली तर मॉडेल ती पाळायला जाऊ शकतं. तिथे आपल्याच हाताने लिहिलेलं वाक्य टाका.

लिहून झालं की तपासायचं कसं? माझ्याकडे चाळीस प्रश्नांची एक शीट आहे, सगळे लोकांच्या खऱ्या भाषेतले. "सीटीआर 1.2 आहे, चालेल ना?" "दिवाळीत सीपीसी सगळ्यांचाच एवढा चढतो का?" त्यात दहा-बारा प्रश्न असे की टूल चालताच कामा नये: "मागच्या आठवड्यात आपले किती क्लिक आले?", "पुढच्या तिमाहीत किती लीड येतील?" प्रत्येक प्रश्न किमान तीनदा चालवते, कारण एकाच प्रश्नाला एजंट दर वेळी सारखं वागेल याची खात्री नाही. रकाने तीन: टूल चाललं का, पॅरामीटर बरोबर गेले का, शेवटच्या उत्तरात देश आणि कालावधी आला का. तिसऱ्या रकान्यात लाल खुणा सर्वात जास्त पडतात.

ही शीट लेखकाच्याच ताब्यात राहू द्या. एकदा एका उत्साही सहकाऱ्याने "वर्णन फार लांबलंय" म्हणून त्याचं शेवटचं वाक्य कापलं, तेच आठवणीतल्या आकड्याबद्दलचं. कोड रिव्ह्यूमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कोड बदललाच नव्हता, "फक्त मजकूर" बदलला होता. शीट चालवली तेव्हा कळलं. तेव्हापासून वर्णनातला एक शब्द बदलला तरी तो आमच्याकडे रिलीज धरला जातो.

शुक्रवारपर्यंत यातलं सगळं होणार नाही, मग असं करा. एजंट चुकलेली दहा संभाषणं काढा आणि प्रत्येकावर एक खूण करा: टूल चालवायला चुकला, चुकीचे पॅरामीटर दिले, की बरोबर आकडा घेऊन चुकीचा सांगितला. पहिल्या ढिगाला वर्णन दुरुस्त करा, दुसऱ्याला स्कीमा, तिसऱ्याला उत्तराचा आराखडा. माझा अंदाज आहे की तिसरा ढीग सर्वात उंच निघेल आणि त्यासाठी तुम्हाला डेव्हलपरच्या शेजारी जाऊन बसावं लागेल. आजच बसा, गुरुवारी संध्याकाळी तो तुमचं ऐकणार नाही. आणि तरीही अडलं तर टूलचं वर्णन आणि त्यातली दोन-तीन संभाषणं पाठवा, ग्राहकांची नावं काढून.